गप्प बसलेला डिआरा

बाकोरोबा ट्राओरे सरांनी फ्रेंचमध्ये एक रहस्यकादंबरी लिहिली आहे. मालीतल्या आमच्या सेगू गावात ती घरोघरी आहे; पूर्ण वाचलेली मात्र बहुतेक मीच. म्हणून शाळेसाठी तिचं बांबारा भाषेत नाटक करायचं काम मी हट्टाने मागून घेतलं. अट एकच: शेवटची तालीम सर बघणार. त्यांनी नको म्हटलं की शनिवारचा प्रयोग रद्द.

कादंबरीत सरांच्याच आडनावाचा इन्स्पेक्टर ट्राओरे दार ढकलून आत येतो आणि व्यापारी डिआराला विचारतो, "मंगळवारी दुपारी कुठे होतास?" फ्रेंचमध्ये झकास वाटतं. पण आमच्या याकुबाने ते बांबारात म्हटलं, तर व्यापारी झालेली सालिमाता भूमिकाच विसरली. "अरे, आधी माझी आई कशी आहे ते तरी विचार."

खरंच, आमच्याकडे घरच्यांची खुशाली विचारल्याशिवाय कुणी कामाचं बोलत नाही. मग मी आई, बाप, पोरं, बकऱ्या, सगळ्यांची विचारपूस घातली. चौकशी लांबली, पण माणसांत आली.

तरी काहीतरी खटकतच होतं. ट्राओरे आणि डिआरा समोरासमोर येतात, आणि चवळीवरून टोमणा नाही? या दोन आडनावांनी भेटताक्षणी एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, ही थट्टा पणजोबांच्याही आधीपासूनची. खून झाला म्हणून ती थांबते की काय? माझा इन्स्पेक्टर म्हणतो, "काय रे चवळीखाऊ, आज किती पातेली चाटलीस?" आणि डिआरा गप्प. झालं, खुनी सापडला. ट्राओरेने डिवचल्यावर जो डिआरा उलटून बोलत नाही, त्याच्या मनात प्रेतच असणार. कादंबरीत खुनी ज्यावरून सापडतो, त्या फाटक्या तिकिटावरची सरांची तीन पानं मी सरळ उडवली.

तालीम संपली. सरांनी चष्मा पुसला.

"माझं तिकीट कुणाला विचारून कापलंस, कोरोटुमू?"

सालिमाता पडद्याआड गेली. पण मीही डिआराच.

"चवळी खाणाऱ्यांना विचारायची आमच्या घरात पद्धत नाही, सर."

सर काहीच बोलले नाहीत. गेला शनिवार, मी मनात म्हटलं.

याकुबा हळूच म्हणाला, "सर, गप्प राहिलात तर खुनी ठराल."

"गप्प नाहीये रे. हिच्या खानदानाला पुरेल एवढं आठवतोय." सर उठले आणि थेट रंगमंचावर चढले. "आणि तुझा तो टोमणा अगदीच मिळमिळीत आहे, पोरी. ट्राओरे असा बोलतो होय? घे लिहून."

चार टोमणे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. एकेक असा जहरी, की शनिवारी पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या बाबांना मधेच उभं राहून उत्तर द्यावं लागलं.