तुटक रेघ

“दोनशे बारा कोणी भरली?”

ग्रोव्हरने मान वर केली नाही. पलीकडच्या टेबलावर बसून तो डोनटची सांडलेली साखर बोटाने गोळा करत होता.

“ग्रोव्हर, मी भिंतीशी बोलत नाहीये.”

“भरली म्हणजे?”

“भरली म्हणजे भरली. भिंतीवरच्या तक्त्यात बघ, तुटक आहे. आणि तू छापून आणलेल्या प्रतीत बघ. सलग.”

“झाली असेल चालू,” तो म्हणाला आणि कॉफी आणायला उठला. त्याचा कप अर्धा भरलेला होता. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमचं काम काय ते सांगितलं की लोक जांभया देतात, तरी सांगते. ओहायो नदीकाठच्या तीन जिल्ह्यांची मिळून एक वाहतूक परिषद आहे. रस्त्यावरचं कोणतं यंत्र कोणाला काय कळवतं, याचा आराखडा आम्ही ठेवतो. सिग्नल बसगाडीला काय सांगतो, पुलावरचं धुकं मोजणारं यंत्र पाटीला काय सांगतं, बर्फ ढकलणारा ट्रक कुठे अडकलाय ते कोणाला कळतं. चारशे सोळा जोडण्या, चारशे सोळा रेघा. जोडणी चालू असेल तर रेघ सलग, नुसती ठरलेली असेल तर तुटक. आराखड्यात रेघ नसेल तर त्या कामाला वॉशिंग्टनहून छदाम मिळत नाही, म्हणून रेघ सगळ्यांनाच हवी असते. आराखडा मात्र कोणी वाचत नाही. बावीस वर्षांत तो पूर्ण वाचलेली माणसं माझ्या माहितीत तीन: मी, ग्रोव्हर आणि एमिल. एमिल माझा नवरा. त्याला झोप आली नाही की तो वाचायचा.

आणि माझा कोणावर विश्वास नाही. पुलावरची धुक्याची पाटी चालू आहे म्हणून एका इंजिनियरने मला शपथेवर सांगितलं होतं. मी त्याला शिडी लावून खोकं उघडायला लावलं. आत चिमणीचं घरटं आणि तीन अंडी. वायर नाहीच. तेव्हापासून कोणी काही म्हणालं की मी एकच शब्द बोलते, “दाखव.” डोळ्यांनी पाहिलं की पडताळणीच्या रकान्यात तारीख घालते, एम. के. लिहिते, आणि पुढे दोन शब्द: स्वतः पाहिलं. लोक म्हणतात मार्लीन कोव्हॅलिक फार तुटक बोलते. म्हणोत बापडे.

तर दोनशे बारा. डेपो स्ट्रीटच्या रेल्वे फाटकापासून अँब्युलन्सच्या कंट्रोल रूमपर्यंतची ही रेघ. फाटक बंद झालं की कंट्रोल रूमला कळायला हवं, म्हणजे अँब्युलन्स मिल रोडच्या पुलावरून वळवता येईल. यंत्र आज बसतंय, उद्या बसतंय, असं करत अकरा वर्षं ती तुटकच होती. फाटकापलीकडे आमची खालची आळी, दोन हजार माणसांची. हॉस्पिटल, अँब्युलन्स, कोर्ट, सगळं अलीकडे टेकडीवर. मालगाडी आली की दीडशे डबे, आणि कधी कधी ती मध्येच उभी राहते.

गेल्या दोन मार्चला एमिलच्या छातीत कळ आली तेव्हा अँब्युलन्स फाटकाशी अकरा मिनिटं उभी होती. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सायरन ऐकू येत होता. जवळ होता, पण पुढे सरकत नव्हता.

जूनमध्ये जिल्ह्याने एक अँब्युलन्स खालच्या आळीतल्या जुन्या बंबखान्यात आणून ठेवली. कागदावर लिहिलं होतं, दोनशे बारा चालू होईपर्यंत. आता ऑक्टोबर, आणि दुपारी दोनच्या बैठकीत ती गाडी परत टेकडीवर नेण्याचा ठराव होता. ठराव मांडला होता कंट्रोल रूमचे नवे प्रमुख कर्ट वेनराइट यांनी. आणि नेमकी याच प्रतीत रेघ सलग! शिवाय शुक्रवारी ग्रोव्हर याच वेनराइटबरोबर जेवायला बसलेला मी हॉटेलच्या काचेतून पाहिला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी कोट घातला.

“कुठे निघालीस?” ग्रोव्हरने विचारलं.

“बघायला.”

“मार्लीन, अगं, बैठक होऊन जाऊ दे. मग मी तुला...”

“मग काय? मग अँब्युलन्स गेलेली असेल.”

त्याचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

कंट्रोल रूम कोर्टाच्या तळघरात आहे. वर गाडी लावताना खाली डेपो स्ट्रीटचं फाटक दिसतं. कोळशाची गाडी मध्येच थांबलेली होती आणि अलीकडे पंधरा-वीस मोटारी खोळंबल्या होत्या. मी घड्याळ पाहिलं आणि जिना उतरले.

वेनराइट मोठ्या अंगाचे, थकलेल्या डोळ्यांचे. टेबलावर अर्धं सँडविच.

“दाखवा,” मी म्हटलं.

“काय दाखवू?”

“दोनशे बारा.”

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. डेपो स्ट्रीट, हिरवा ठिपका, शेजारी लिहिलेलं: खुलं.

“आत्ता बाहेर मालगाडी उभी आहे फाटकावर. डब्यांवरचे नंबर वाचता येतायत.”

“यंत्राला थोडा वेळ लागत असेल, बाई.”

“किती? आणखी अकरा वर्षं?”

हेडफोन लावून बसलेल्या रोंडाने खुर्ची वळवली. ती तिथली सगळ्यात जुनी. “तो ठिपका आठ वर्षं हिरवाच आहे,” ती म्हणाली. “खोक्यातून आला तसाच. आम्ही त्याच्याकडे बघतही नाही.”

“मग मला का नाही सांगितलंस?” वेनराइट तिच्यावर उखडले.

“तुम्ही विचारलंत कधी?”

ते माझ्याकडे वळले. आवाज चढला होता, पण डोळे गोंधळलेले होते. “मला काय हौस आहे का हो गाडी हलवायची? चार गाड्या आहेत माझ्याकडे, त्यातली एक कायम गॅरेजमध्ये. उत्तरेकडच्या शेतांवर माणूस पाऊण तास वाट बघतो. म्हणून मी तुमचा आराखडा पहिल्या पानापासून वाचून काढला. शुक्रवारी तुमच्या त्या ग्रोव्हरलाही विचारलं, खरंच चालू आहे का. तो सूपमध्ये बघत बसला. हे बघा, पान एकशे चाळीस.”

मी पाहिलं. पडताळणी: नऊ मार्च, एम. के.

“एम. के. म्हणजे तुम्हीच ना? मला इथे आल्यापासून सगळे सांगतायत, मार्लीनबाईंची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

कशाला खोटं बोलू, मला त्या क्षणी आनंदच झाला. चोर हातात सापडला होता. तारीख होती, एम. के. होतं, पण पुढचे दोन शब्द नव्हते. माझ्या नावावर ज्याने कोणी हे केलं, त्याला माझी सवय पुरती ठाऊक नव्हती. किंवा ठाऊक असून तेवढं लिहायला तो धजला नव्हता.

ऑफिसात परत आले तेव्हा ग्रोव्हर जागेवरच होता. जेवणाचा डबा न उघडलेला.

“माझा पासवर्ड निवडुंगाच्या कुंडीखाली असतो, हे कोणाला माहीत आहे?”

“सगळ्यांना.”

“नऊ मार्चला कोणी वापरला?”

“मार्लीन, बस जरा.”

“मी उभीच बरी आहे. एकवीस वर्षं शेजारी बसलास तू. एमिलने तुझ्या घराचं छप्पर शाकारून दिलं. आणि तू माझ्या नावावर खोटी रेघ ओढलीस? त्या आळीत माणसं राहतात रे! उद्या कोणाचा तरी सायरन असाच अडकेल, आणि ती बाई—” वाक्य मध्येच तुटलं. राग आला की माझं असंच होतं.

“मी नाही केलं,” तो म्हणाला.

“मग कोणी?”

त्याने चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत घातला. “दफन सात तारखेला झालं. नऊला सोमवार होता. तू कामावर आलीस.”

“सोळाला आले मी. आठवडाभर घरी होते.”

“नऊला आलीस. साडेचारला, आम्ही निघायच्या बेतात होतो. हाच कोट. बटणं एक सोडून एक लावलेली. कोणाशी बोलली नाहीस, मशीन लावलंस आणि दोनशे बारा काढलीस. बराच वेळ बघत बसलीस. मग मला विचारलंस, आता तरी चालते का रे?”

खिडकीबाहेर कचऱ्याचा ट्रक मागे येत होता, त्याची पिकपिक ऐकू येत होती.

“मी काय म्हणणार होतो?” ग्रोव्हर म्हणाला. “हो म्हटलं. मला वाटलं, तू नेहमीसारखं ‘दाखव’ म्हणशील. तू म्हणालीस, बरं झालं. रेघ भरलीस आणि घरी गेलीस. नंतर मला कितीदा वाटलं सांगावं. पण तू त्या ओळीकडे बघायचीच नाहीस, पान आलं की उलटायचीस. आणि मी म्हटलं, हा आराखडा वाचतो कोण? यंत्र बसेल कधीतरी, कोणाला कळणारही नाही. मग या माणसाने पहिल्या पानापासून वाचला.”

“छापताना तुटक करायची होतीस.”

“तुझी पडताळणी खोडू? मी?”

मला नऊ मार्च आठवत नव्हता. आजही आठवत नाही. लोकांनी आणलेला हॅम आणि अक्रोडाचे रोल फ्रीजमध्ये कोंबताना आठवतं, एमिलचे बूट दाराशी दिसत होते ते आठवतं. पण त्याच्या सांगण्यात मला खोट काढता येईना, आणि खोट काढणं हा तर माझा धंदा. त्या न लिहिलेल्या दोन शब्दांनीच मला पकडलं होतं. शुद्धीवर नसतानासुद्धा न पाहिलेलं ‘पाहिलं’ म्हणून लिहायला माझा हात गेला नव्हता. जगातल्या प्रत्येक माणसावर मी संशय घेतला होता, फक्त या बाईवर घ्यायचा राहिला होता.

मला लाज वाटली. भयंकर लाज वाटली. खुर्चीवर बसून मी कोटाची बटणं चाचपली. नीट लागलेली होती.

“दोनला पाच कमी आहेत,” ग्रोव्हर म्हणाला. “मी सांगतो त्यांना. छापायची चूक झाली म्हणतो.”

“तू काही बोलू नकोस. एकदा बोललास तेवढं पुरे.”

तो ओशाळून हसला. मीही हसले असेन.

बैठकीला अकरा माणसं होती. अध्यक्ष ओट्सबाई, नदीकाठच्या गावाच्या माजी महापौर, यांनी ठराव वाचला आणि कोणाचा आक्षेप आहे का विचारलं. असं विचारल्यावर कोणी कधी बोलत नाही. मी उभी राहिले.

“दोनशे बारा चालू नाही. कधीच नव्हती. पडताळणी माझी आहे आणि ती खोटी आहे. मी पाहिलं नव्हतं.”

कोणीतरी कागद चाळायचं थांबलं.

“मग लिहिलं कसं?” ओट्सबाईंनी विचारलं. रागाने नव्हे, त्यांना खरंच कळत नव्हतं.

“नवरा गेल्याला आठवडा झाला होता. मला ती चालू असायला हवी होती.”

वेनराइट टेबलाकडे बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला. “मी ठराव मागे घेतो. गाडी खालच्या आळीतच राहील. रेघ खरोखर चालू होईपर्यंत.” जरा थांबून म्हणाले, “आणि त्या यंत्राचं काय झालं, ते मी उद्यापासून विचारायला लागतो. रोज.”

ओट्सबाईंनी मान हलवली. त्या चांगल्या बाई आहेत, पण नियमाला पक्क्या. यापुढे प्रत्येक पडताळणीवर दुसरी सही लागेल, म्हणाल्या. माझ्या एकटीच्या सहीवर चालणार नाही. बावीस वर्षं चाललं होतं. मी म्हटलं, बरोबर आहे. आणि बरोबरच होतं, म्हणून जास्त लागलं.

“दुसरी सही कोणाची?” मी विचारलं.

“ग्रोव्हरची.”

ग्रोव्हर डोनटच्या खोक्यात तोंड घालून बसला होता.

पाचला ऑफिस सुटलं. मार्चपासून मी घरी मिल रोडने जाते. सहा मैलांचा वळसा. कोणी विचारलं तर सांगते, तिकडे भाजी चांगली मिळते. आज मी डेपो स्ट्रीटकडे गाडी वळवली. फाटकाच्या अलीकडे पोचते तोच घंटा वाजायला लागली, लाल दिवे लागले आणि दांडे खाली आले. पाच वाजून बारा मिनिटं.

मी इंजिन बंद करून खाली उतरले आणि दांड्यापाशी उभी राहिले. अँब्युलन्स इथेच उभी असणार. मालगाडी सावकाश आत आली, सावकाश पुढे सरकत राहिली. दोन डब्यांच्या फटीतून पलीकडची आमची गल्ली क्षणभर दिसे, आणि पुढचा डबा ती झाकून टाके. आमचं घर कोपऱ्यापासून तिसरं. ओसरीवरचा दिवा मी सकाळी विसरून चालूच ठेवला होता. तो दिसे, जाई, परत दिसे. इतकं जवळ होतं, हे मला ठाऊक नव्हतं. हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं.

मागे कोणीतरी हॉर्न वाजवला. मी वळून पाहिलं नाही.

शेवटचा डबा गेला, दांडे वर उठले. मी घड्याळ पाहिलं, गाडीच्या टपावर वही टेकवली आणि लिहिलं. दोनशे बारा, डेपो स्ट्रीट. जोडणी नाही. फाटक बंद, पाच बारा ते पाच तेवीस. एम. के.

शेजारी ग्रोव्हरच्या सहीसाठी जागा सोडली. मग खाली लिहिलं, स्वतः पाहिलं.