रविवारचे तांदूळ

धरमतरच्या खाडीकाठच्या त्या गावात दयारामला सगळे ‘मोरमन’ म्हणत, आणि म्हणताना हसत. जहाजावर कोळसा ओढायला गेलेला हा माणूस अमेरिकेत उतरला, एका शेतकऱ्याच्या फळबागेत राबला, विषमज्वराने अंथरुणाला खिळला तेव्हा त्याच घराने त्याला जगवलं. ती माणसं मोर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाची. बरा झाल्यावर त्याने नदीत बुडी मारून त्यांचाच धर्म घेतला. पुढे तिकडे कामं बंद पडली आणि एकोणीसशे एकतीस साली तो गावी परतला.

त्याची बायको राही इतकी वर्षं सासरीच वाट बघत राहिली होती. त्याने कधी न पाहिलेली त्यांची लेक, जनी, मधल्या काळात गोवराने गेली होती.

परतलेला नवरा, नव्या धर्मात मनाई म्हणून, ना चहा प्यायचा, ना ताडी, ना विडी ओढायचा. लग्नाघरी मांडवात सगळे पुरुष पेले भरून बसत आणि हा पाण्याचा तांब्या घेऊन. बायका राहीला कोपराने ढोसत. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा तिने मनापासून विचारलं होतं, “तुमचा द्येव ऱ्हातो तरी कुटं?”

तो फुलून सांगू लागला. डोंगरात पुरलेली सोन्याची पानं, त्यावरचं पुस्तक, ते शोधणारा पोरगा. राहीला हसू फुटलं. आवरता आवरेना. त्यानंतर दयारामने तो विषय तिच्यापाशी काढला नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र तो दिवसभर काही खात नसे. संध्याकाळी पंच्यात तांदूळ बांधून बाहेर पडे. “कुटं चाललाव?” म्हटलं तर म्हणे, “द्यायचे असतात.”

शिमग्याला राहीचा भाऊ रघू मुंबईहून आला. तो गिरणीत होता आणि तिथे कुणा पाद्र्याच्या खानसाम्याकडून त्याने काहीबाही ऐकलं होतं. “बाय, त्या धर्मात चार-चार बायका करतात. नीट लक्ष ठेव.”

तांदूळ कुणाकडे जातात हे शेजारणींकडून कळायला वेळ लागला नाही. ठमाबाई. नवरा खाडीत बुडालेला, पदरी दोन पोरं, मिठागरात पाट्या वाहून पोट भरणारी. वय राहीपेक्षा कमीच.

पुढच्या पहिल्या रविवारी राही त्याच्या मागून गेली. ठमाबाई दारात पदर पसरून उभी होती, दयाराम त्यात तांदूळ ओतत होता. राहीने पुढे होऊन तिचा पदर खसकन ओढला. तांदूळ मातीत सांडले.

“माज्या घरातला दाना खाऊन माजाच दादला पलवतेस?” ती ओरडली. आळी गोळा झाली. “इचारा हिला, कितवी बायको व्हनार हाय ती!”

ठमाबाईची दोन्ही पोरं खाली बसून मातीतून दाणे वेचू लागली. तिने त्यांना दंडाला धरून उठवलं, घरात नेलं आणि दार लावून घेतलं.

दयाराम घरी येऊन ओटीवर बसला. म्हणाला, “चार बायका मागं करत व्हते. माज्या जन्माच्या आदीच ते बंद झालं. आता कुनी केल्या तर त्याला भाइर काढतात. दोन वेलचं जेवन सोडायचं, आनि तेवडं धान्य भुकेल्याला द्यायचं, येवडंच हाय ते.”

“मंग सांगितलं का न्हाय?”

“तू हसशील म्हनून.”

राहीला त्याच्याकडे बघवेना. तो आणखी हलक्या आवाजात म्हणाला, “आमच्यात नवरा-बायको मेल्यावरबी एकमेकांचीच ऱ्हातात. पोरंबी. त्यासाटी आमच्या मंदिरात जावं लागतं, पन ते समुद्रापल्याड. जनी मला मेल्यावर तरी दिसंल, असं वाटतं.”

तिला ते पटलं नाही. मेलेलं माणूस परत भेटतं हे तिच्या डोक्यात शिरेना. पण ज्याच्या मागे ती चार बायका लावत होती, तो एकाच बायकोला मरणापलीकडे नेऊ पाहत होता, एवढं कळलं. तिने तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवशी मिठागरात, सगळ्या बायकांसमोर ती ठमाबाईच्या पुढ्यात उभी राहिली. “मी खोटं बोलले, ठमाबाय. तुज्यात काय वंगाल न्हाय. माजंच मन सडलं.”

ठमाबाईने डोक्यावरची पाटी उतरवलीसुद्धा नाही. “काल तुजं आयकाया सगले व्हते. आज निम्म्याच बाया हायत,” म्हणाली आणि बांधावरून पुढे गेली.

वैशाखातल्या पहिल्या रविवारी राहीने स्वतः जेवण सोडलं. कोणाच्या देवासाठी, की देवासाठी नाहीच, हे तिलाच सांगता आलं नसतं. संध्याकाळी ती एकटीच तांदूळ घेऊन गेली. ठमाबाई आतूनच म्हणाली, “घेऊन जा. माज्या पोरांना त्या तांदलाचं नाव काडलं तरी रडू येतं.”

भरल्या आळीतून तो पंचा तसाच उचलून राही परत आली. दयारामने तिच्या हातातून तो घेतला, तांदूळ मडक्यात ओतले आणि तिला प्यायला पाणी दिलं. तो काही बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.