सतरा नंबरची डिश

माझं हृदय भाचीच्या लॅबमध्ये वाढतंय, असं मामा वॉर्डात येईल त्या नर्सला सांगायचा. हृदय कसलं, डिशच्या तळाला चिकटलेल्या पेशी त्या. त्याच्या रक्तापासून आम्ही मूळ पेशी तयार केल्या होत्या आणि त्यांच्यापासून हृदयाच्या स्नायूच्या पेशी करायचं काम माझ्याकडे होतं. लॅबच्या वहीत तो फक्त सतरा नंबर होता. पण रक्त मीच काढून आणलं होतं आणि त्या बदल्यात त्याने एकच गोष्ट मागितली होती. "शास्त्रज्ञीणबाई, एकदा ते धडधडताना दाखव. मग मी जायला मोकळा."

मामा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. आईबाबा गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, दुकानामागच्या खोलीत. मशीन उघडायच्या आधी तो डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, सुई वाकलीय की शटल झिजलंय. त्याचं स्वतःचं हृदय मात्र कुणाला दुरुस्त करता येत नव्हतं. ते सैल पडलं होतं आणि दर चौथा ठोका गाळायचं. "माझं मशीन टाका सोडतंय," तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मला हसू यायचं नाही.

आपण काय व्हायचं हे मूळ पेशींना ठाऊक नसतं, त्यांना सांगावं लागतं. सांगायचं काम ग्रोथ फॅक्टर करतात. थेंबभर प्रथिनं ती. पहिल्या दिवशी घातली की पेशी हृदयाच्या वाटेला लागतात. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मात्र ती धुऊन काढायची आणि त्यांचं सांगणं बंद पाडणारं औषध घालायचं. उशीर झाला, तर तीच प्रथिनं त्याच पेशींना भलतीकडे नेतात. इथे "करते थोड्या वेळाने" चालत नाही. नव्या मुलींना मी यावरून फाडून खायचे.

आणि नेमका तिसऱ्याच दिवशी सकाळी नऊला मामाचा श्वास कोंडला. मी हातातलं टाकून धावले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मामी होती, तिच्या दोन्ही मुली, जावई. मी पाचवी. सगळे मिळून एका बंद दाराकडे बघत बसलो. लॅबमध्ये कुणाला फोन करावा हे सुचलंच नाही. दुपारी चारला परतले, डिशमधलं द्रावण बदललं आणि कुणाला काही बोलले नाही.

दहाव्या दिवशी पेशी ठणठणीत होत्या. चपट्या, पसरलेल्या, गच्च. एव्हाना सुरू व्हायला हवी होती ती धडधड मात्र नव्हती.

डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस काढले तर काढले. मग मी चार नंबरच्या डिशचा व्हिडिओ घेतला. चार नंबर म्हणजे कुणा निरोगी माणसाच्या पेशी. मामाच्या उशाशी बसून फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे बघ. तुझं."

तो बराच वेळ बघत राहिला. हळूहळू त्याचं बोट पलंगाच्या दांडीवर वाजायला लागलं. टक, टक, टक, टक. मग थांबलं.

"कुणाचं आहे?"

"तुझंच म्हणतेय ना!"

"मला शिकवतेस? चाळीस वर्षं या कानांवर पोट भरलं मी. हे एकही टाका सोडत नाही. कुणाचं उचललंस?"

खोटं पकडलं की मी चिडते, लहानपणापासून. "तुझं बिघडलं! बदलायच्या वेळी मी तिथे नव्हते. तुझ्यासाठी इथे बसले होते."

मला वाटलं, तो डोक्यावरून हात फिरवेल. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"बसायला चौघं होती," तो म्हणाला. "ते करायला तू एकटीच होतीस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. फ्रीजरमध्ये सतरा नंबरच्या पेशींची एकच कुपी उरली होती. दुसऱ्या दिवशी ती काढली, पेशी चार दिवस वाढवल्या आणि मग ग्रोथ फॅक्टर घातले.

तिसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. धाकटी मामेबहीण होती. "लगेच निघ. बाबा तुला विचारतायत."

"आले," म्हणाले, पण हात डिशवरून काढले नाहीत. जुनं द्रावण काढलं, दोनदा धुतलं, औषध घातलं, वेळ लिहिली, डिश परत उबेत ठेवली. सगळं मिळून बारा मिनिटं.

मी पोचले तेव्हा मामी त्याच्या अंगावरची चादर सारखी करत होती. "आत्ताच गेले गं," ती म्हणाली. मामेबहिणीने विचारलं, इतका वेळ काय करत होतीस? मी खरं ते सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

पेशींच्या दहाव्या दिवशी सकाळी डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली. मधोमध एक ठिपका हलत होता. मी टेबलावर बोट वाजवत मोजलं. एक, दोन, तीन, चौथा गाळला. पुन्हा तीन, पुन्हा गाळला. मामाच होता. मला रडू आलं आणि त्याचा भयंकर रागही आला. बसायला चौघं होती म्हणे. इथे बघायला मी एकटीच होते.