अप्पांच्या शेडातला हवेचा पाइप

रंग काळा, अंग जाड आणि तोंड जरा फटकळ, असा मी एक जुना हवेचा पाइप आहे, मित्रांनो. उदगीरच्या एका गल्लीत माणिकप्पांच्या घराला लागून पत्र्याचं शेड आहे. तिथं माझं एक टोक कंप्रेसरला जोडलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला चाकात हवा भरायची पितळी नळी असते. माणिकप्पांनी आयुष्यभर उदगीर ते निलंगा मालाचा टेंपो चालवला. थकले तसा टेंपो विकला, पण हत्यारं काही त्यांच्यानं विकवली नाहीत. त्या हत्यारांसाठीच त्यांनी घरी हे छोटं गॅरेज थाटलं. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणते, म्हणून मीही अप्पाच म्हणतो.

माझ्या जन्माचं फार लांबण लावत नाही. कारखान्यात रबराची एक नळी ओढली, तिच्यावर दोऱ्यांचं जाळं विणलं, त्यावर पुन्हा रबर चढवलं आणि मला गरम वाफेत शिजवून काढलं. ती वाफ आठवली की अजून अंग चरचरतं. तिथून वेटोळं होऊन मी अमृतरावांच्या हार्डवेअरच्या दुकानात येऊन पडलो.

माझ्याआधी अप्पांकडे एक निळा, वळ्यावळ्यांचा पाइप होता. दिसायला देखणा आणि हाताला एकदम हलका! पहिल्याच उन्हाळ्यात तो पत्र्याखाली तापून कडक झाला आणि एका दुपारी कंप्रेसरची टाकी भरलेली असताना फाटकन फुटला. सुटलेलं टोक असं थडाथड आपटत सुटलं की खिडकीची काच गेली. अप्पांच्या पत्नी उमाबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या. ते टोक त्यांच्या कपाळाला चाटून गेलं. थोडं खाली असतं तर डोळाच गेला असता.

म्हणून अप्पा दुकानात आले ते मनाशी ठरवूनच. अमृतरावांनी आधी एक लाल, चकचकीत पाइप पुढं केला.

"घ्या अप्पा, लई चालतो हा. रंग तरी बघा!"

"रंगाला काय करू? मला काय पाइपाचं लगीन लावायचंय?"

अप्पांनी तो लाल पाइप हातात दुमडून सोडला. घडी पडली ती पडलीच. मग माझी पाळी. मला दुमडलं तेव्हा माझा जीव घुसमटला, पण सोडल्याबरोबर मी होतो तसा सरळ! त्यांनी माझं कापलेलं तोंड उजेडात धरून आतलं दोऱ्यांचं जाळं पाहिलं. मग चष्मा चढवून माझ्या अंगावर छापलेला दाबाचा आकडा वाचला. तो कंप्रेसरच्या आकड्यापेक्षा चांगला वर असायला हवा ना! लांबी तर त्यांनी घरून सुतळीनं मापून आणली होती. पलीकडच्या चाकापर्यंत मला ताणावं लागू नये आणि मी कुणाच्या पायातही येऊ नये, एवढी.

"पण जड हाय की हो हा," अमृतराव म्हणाले.

"असू द्या. उचलणारा मी हाय. घरात माझी माणसं वावरतात, पाइप फुटला न्हाई पायजे."

मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी मला भारी ऐट आली. पिशवीतूनही मी डोकं बाहेर काढूनच घरी आलो.

मग कामाला काय तोटा! गल्लीतल्या पोरांच्या सायकली, शेजारच्यांचा ट्रॅक्टर, उमाबाईंच्या शिलाई मशीनमधला धुरळा. पण पहिला मान दामिनीताईच्या स्कूटीचा. दामिनीताई ही अप्पांची लेक. ती नळेगावच्या वाटेवरल्या एका शाळेत शिकवते. रोज सकाळी अप्पा तिच्या चाकात हवा भरायचे आणि मग खाली वाकून व्हॉल्वला कान लावायचे.

"हवा निसटत असली तर ती बोलते," ते म्हणायचे. "ऐकणारा पायजे."

असं ऐकून झालं की ते कंबर धरत उठायचे आणि म्हणायचे, "हं. जाऊन ये." तेवढं ऐकल्याशिवाय दामिनीताई गाडीला किल्ली लावत नसे. साबणाचं पाणी लावून हवा बघणाऱ्यांना अप्पा हसायचे. माझा कान हाय की, म्हणायचे.

खंडेनवमीला आमचा थाट विचारू नका! सगळी हत्यारं मांडून अप्पा त्यांना विभूती लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि करडईच्या तेलाचा बोळा मायेनं फिरवायचे. पान्यांना फिरवायचे तसाच माझ्याही अंगावर. आता लोखंडाला तेल मानवतं, पण रबराला ते अजिबात मानवत नाही. हे अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. मला कंप्रेसरशी आवळून धरणाऱ्या क्लिपेशी ते तेल साचायचं, तिथं माझं अंग हळूहळू मऊ पडलं आणि फुगलं. त्यात मी टांगलेला क्लिपेजवळच्याच एका खिळ्यावर, म्हणजे मान तिथंच मोडलेली. शेवटी त्या जागी एक बारीक चीर गेली आणि मी सुरसुरायला लागलो.

वाटलं, आता अप्पा कान टवकारतील. पण ते माझ्या शेजारी उभे राहून चाक खोलत राहिले. मी आणखी जोरात सुरसुरलो. छे! टाकीतली हवा कमी होऊन मोटर आपसूक चालू व्हायची, तेव्हा ती थरथरताना बघून ते म्हणायचे, "हिचं काय बिघडलं म्हणावं?" आणि बिचाऱ्या कंप्रेसरलाच उघडून पुसत बसायचे. आतून उमाबाईंनी हाक मारली की ते आताशा "आँ?" म्हणायचे. टीव्हीचा आवाज गल्लीच्या तोंडाला ऐकू जायचा. माझ्या लक्षात यायला लागलं होतं, मित्रांनो, पण अप्पांच्या लक्षात येत नव्हतं.

आणि एका सकाळी व्हायचं ते झालं. दामिनीताईच्या मागच्या चाकाची व्हॉल्वची पिन सैल होती. हवा भरल्यावर ती सूं सूं करत होती, मला स्वच्छ ऐकू येत होती. अप्पांनी नेहमीसारखा कान लावला, थोडा वेळ तसेच राहिले आणि उठून म्हणाले, "हं. जाऊन ये."

वळणावर चाक बसलं आणि स्कूटी घसरली. दामिनीताई घरी आली ती हाताला प्लॅस्टर घालूनच. ती हसत होती, "अप्पा, काही न्हाई हो, थोडंच लागलंय," म्हणत होती. पण अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मला गुंडाळून खिळ्याला अडकवलं आणि शेडाचं दार ओढून घेतलं.

"माझा हात गेला आता," ते म्हणाले. "लेकीला मीच पाडलं."

त्यानंतर ते बाजेवर नुसते बसून राहायचे. कुणी सायकल घेऊन आलं तर हात जोडून परत पाठवायचे. माझ्यावर धूळ बसली, त्याचं मला काही वाटलं नाही. पण ज्या हातांनी मला पारखून घरी आणलं, ते हात मांडीवर तसेच पडलेले बघवत नव्हते. मला रडायला आलं असतं, मित्रांनो, पण माझ्यात हवासुद्धा नव्हती.

एका दुपारी उमाबाईंनी शेडाचं दार उघडलं. शिलाई मशीनमध्ये धागे आणि धुरळा अडकून ती चालत नव्हती. त्यांनी स्वतःच कंप्रेसरचं बटण दाबलं. टाकी भरली, मोटर थांबली, सगळं शांत झालं आणि मी जीव खाऊन सुरसुरलो.

"या बया! अवो, हे काय सुरसुरायलंय?"

अप्पा दारातच बाजेवर होते. "आँ? काय?"

"पाइप! आवाज येत न्हाई तुम्हाला?"

"कसला आवाज? गप तर हाय तो."

उमाबाईंचा हात तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. मग त्यांच्या पाठीमागं जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चहा टाकू का?" अप्पा गप्पच. जन्मात कधी चहाला नाही न म्हणालेला माणूस! उमाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या पुढं येऊन अप्पांच्या समोर बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अवो, तुमचा हात न्हाई गेला. कान गेलाय."

"काहीतरीच काय बोलायलीस!" अप्पा भडकले.

उमाबाई वाद घालत बसल्या नाहीत. धुण्याच्या दगडावरचा साबण आणून त्यांनी माझ्या क्लिपेशी फेस चोळला. मी सगळा जोर लावला. अप्पांच्या डोळ्यांसमोर बुडबुडा फुगला, फुटला आणि लगेच दुसरा फुगला. त्यांनी तो बोटानं फोडला, तर तिसरा आला.

"हे कवापासून चाललंय?"

"मला काय ठाऊक? पण आत्ता घरभर ऐकू येतंय."

"म्हणजे दामिनीच्या चाकाचं बी..." त्यांचा हात कानाकडं गेला. "मी कान लावला होता गं. खरंच लावला होता."

"लावलात हो. मला ठाऊक न्हाई का?" उमाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी माझा सडका भाग कापून टाकला. मी वीतभर आखूड झालो, पण क्लिप नवी मिळाली आणि खिळ्याऐवजी जुन्या चाकाची गोल रिम मिळाली टांगायला. आता मान मोडत नाही. शेजारी साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश आला. पुढं लातूरहून कानाचं मशीनही आलं. ते अप्पांना अजून टोचतं आणि ते कुरकुरतात. खंडेनवमीला मला आता नुसतं फूल आणि कोरडं फडकं असतं.

म्हणून माझं एवढं ऐका, मित्रांनो. पाइप घ्याल तेव्हा रंग बघू नका, त्याचं अंग बघा. त्याला उन्हात टाकू नका, तेल लावू नका, खिळ्यावर मोडू नका. आणि घरातलं कुणी पुन्हा पुन्हा "आँ?" म्हणायला लागलं, तर त्यांच्यावर खेकसू नका. जवळ जाऊन बसा.

प्लॅस्टर निघालं त्या सकाळी दामिनीताईनं स्कूटी शेडात आणून उभी केली.

"अप्पा, हवा बघा."

"दुसऱ्याकडून बघून घे, बाई."

"मी तुमच्याकडूनच बघून घेणार. उशीर होतोय मला."

अप्पा उठले. त्यांनी मला रिमेवरून उतरवलं. त्यांनी हवा भरली. ब्रशनं व्हॉल्वला फेस लावला, बोटानं चष्मा वर सारला आणि बघत राहिले. बुडबुडा आला नाही. मग मशीनवाला कान खाली नेला. मी तर चीं सुद्धा केलं नाही.

अप्पा कंबर धरत उठले. दामिनीताईच्या हातात किल्ली होती, पण तिनं ती लावली नव्हती. ती थांबली होती.

"हं," अप्पा म्हणाले. "जाऊन ये."