नूराला गाडी शिकवणारा माणूस

उजाडताना रियाधच्या आकाशाला एक फिकट, मातकट गुलाबी छटा येते, आणि माझ्या स्मरणात त्या छटेबरोबर नेहमी एक आवाज येतो : ओलं फडकं बादलीत पिळल्याचा, आणि मग ते गाडीच्या टपावरून सावकाश, एकाच दिशेनं फिरत गेल्याचा. वाळवंटानं शहरावर पसरलेली धूळ दाऊदचाचा रोज पहाटेच्या नमाजानंतर त्या पांढऱ्या गाडीवरून उतरवत. घाई नाही, त्रागा नाही. उद्या ती पुन्हा येणारच, हे ठाऊक असलेल्या माणसाचा तो संथपणा होता.

माझ्या नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपायी आम्ही तिकडे गेलो आणि एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागलो. खाली घरमालकीण राहायच्या, उम्म नूरा. म्हणजे नूराची आई. तिकडे आईला लेकराच्या नावानं ओळखण्याची रीत आहे. नवरा वारलेला, एकच मुलगी, ती एका इस्पितळात औषधं देण्याच्या कामावर. फाटकालगतच्या खोलीत त्यांचे ड्रायव्हर दाऊदचाचा. एके दिवशी जिन्यात मी मुलाला मराठीत रागावत होते, तो मला इंग्रजीत उलट उत्तरं देत होता, आणि अचानक खालून चाचांचा प्रश्न आला, “बाय, कुठल्या गावची गो तू?” त्या एका ‘गो’नं जिन्यातल्या उष्ण, कोंदट हवेत समुद्राची झुळूक आली.

चाचा दिघीच्या खाडीकाठचे. तरुणपणी व्हिसा मिळाला, सौदीत आले, आणि सत्तावीस वर्षं याच घरात राहिले. दर दोन वर्षांनी दोन महिने गाव. बाकीचं आयुष्य आरशातून मागचा रस्ता बघण्यात गेलं. अंगानं शिडशिडीत, दाढी बारीक कातरलेली, बोलणं खालच्या पट्टीतलं. स्टिअरिंगवर त्यांचे हात असे ठेवलेले असत की धरले आहेत की नुसते टेकवले आहेत, ते कळू नये. क्षितिजावर वादळाचा करडा पट्टा दिसला की ते आकाशाकडे पाहून सांगत, “हे जाईल आपल्या वरून,” किंवा, “हे बसणार आज.” बहुधा तसंच होई. उम्म नूरांच्या परवानगीनं ते मलाही बाजारात, दवाखान्यात नेत. तेव्हा त्या देशात बायकांना गाडी चालवायला परवानगी नव्हती. दारात गाडी उभी असायची आणि घरातल्या शिकल्यासवरल्या स्त्रिया पिशव्या घेऊन कुणा पुरुषाच्या सवडीची वाट पाहत दाराआड थांबलेल्या असायच्या.

अशाच एका वादळात, पुढचं काही दिसेना म्हणून गाडी कडेला घेऊन बसलो असताना, चाचांनी मला एका शुक्रवारची गोष्ट सांगितली. शुक्रवारी दुपारनंतर त्यांना सुट्टी. ते बत्ह्याला, शहरातल्या जुन्या बाजाराच्या भागात, जात. तिथल्या एका तळघरातल्या खानावळीत गावाकडची माणसं भेटत, माशाचं कालवण मिळे. त्या दुपारी इकडे घरात नूराच्या वडिलांच्या छातीत कळ आली. गाडी दारात होती. किल्ली खुंटीला होती. मायलेकींनी रुग्णवाहिका बोलावली, आणि तिची वाट पाहवेना म्हणून नूरा अनवाणी गल्लीत धावली. तिसऱ्या घरी एक शेजारी भेटला, त्यानं गाडी काढली. पण इस्पितळाच्या वाटेवरच सगळं संपलं.

“मी जेवत होतो गो,” चाचा म्हणाले. काचेवर वाळूचा सरसर आवाज येत होता. “दुसरी वाटी मागवलेली मी कालवणाची.”

मी म्हटलं, त्यात तुमचा काय दोष?  वादळ ओसरलं तशी त्यांनी गाडी सुरू केली.

त्या राज्यात निवडणुका नाहीत, सभा नाहीत, भिंतींवर घोषणा नाहीत. हुकूम हवामानासारखे येतात. काल नव्हते, आज असतात, आणि माणसं त्याप्रमाणे कपडे बदलावेत तसं जगणं बदलतात. तेलावर फार काळ विसंबता येणार नाही हे राज्यकर्त्यांनी मनाशी घेतलं होतं, आणि शहर उलटंपालटं होत होतं : मेट्रोसाठी रस्ते खणले जात होते, दुकानांत सौदी तरुण-तरुणी कामाला दिसू लागले होते, परदेशी माणसाच्या इकाम्याचं, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण दर वर्षी अधिक जड होत होतं. त्यातच एका संध्याकाळी टीव्हीवर राजाज्ञा वाचली गेली : यापुढे स्त्रियांना गाडी चालवता येईल. खालच्या मजल्यावरून नूराचं हसणं ऐकू आलं. रडण्याच्या इतकं जवळचं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मी गॅलरीतून पाहिलं. फाटकाजवळ चाचा उभे होते. त्यांनीही ते ऐकलं होतं.

शिकाऊ परवाना मिळाल्यावर नूरानं त्यांनाच विचारलं, आणि त्यांनी लगेच हो म्हटलं. दर शनिवारी सकाळी ते शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर जात. मागच्या सीटवर उम्म नूरा जपमाळ ओढत बसायच्या. पुढे पुढे मीही सोबत जाऊ लागले. चाचांनी खजुराचे रिकामे खोके वाळूत मांडून गाडी उलटी घेण्याची वाट आखली होती. नूरा खोके तुडवायची, चाचा उतरून ते पुन्हा नीट उभे करायचे आणि त्यांच्या मोडक्या अरबीत म्हणायचे, “शुवैय, शुवैय,” हळूहळू. गाडीला भिऊ नको, रस्त्यालाही नको, शेजारच्या गाडीतल्या घाईला मात्र भी, असं ते तिला शिकवत. एकदा ती भलत्याच वेगानं चराकडे निघाली, तेव्हा त्यांनी एका हातानं हँडब्रेक ओढला. गाडी धुळीत गरगरून थांबली.  ते इतकंच म्हणाले, “यल्ला,” चल, पुन्हा.

त्या दिवशी परत आल्यावर मी त्यांना फाटकाशी गाठलं. “चाचा, ती शिकली की तुम्हाला इथं काम उरणार नाही. आपल्याच पोटावर पाय देताय तुम्ही.”

“ठाऊक हाय मला.”

“मग दुसरा मालक शोधा, तुमचा कफील होईल असा. एवढ्या वर्षांची ओळख आहे.”

“अठ्ठावन्न झाली गो. कोण घेतो आता.” ते फडकं झटकत होते. “आणि घरी जायची भीती वाटते, ते वेगळंच. तिथं सगळं माझ्याशिवाय बसलेलं हाय. पाव्हण्यासारखा जातो, पाव्हण्यासारखा येतो.”

“मग का शिकवता?”

त्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, “किल्ली खुंटीला होती, बाय. पोरीच्या हाताला येत होती ती.”

 स्वतःचं उद्याचं बिऱ्हाड मोडत असताना एखादा माणूस इतकं मन लावून कुणाला स्वतंत्र करतो, तेव्हा सल्ला देणाऱ्याचे शब्द ओशाळे होतात. पुढल्या शनिवारी ते खोके घेऊन निघाले. त्या दिवशी नूरानं एकही खोका पाडला नाही, आणि घरी आल्यावर चाचांनी तिच्यासाठी दोन समोसे आणले.

परवाना मिळाला. वर्षभर उम्म नूरांनी चाचांना काही ना काही निमित्तानं ठेवून घेतलं. बागेला पाणी, बाजारहाट. पण इकाम्याची मुदत संपत आली आणि ड्रायव्हर म्हणून तो पुन्हा करण्याचं कारण त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. हे सांगायला त्या स्वतः फाटकाच्या खोलीशी गेल्या. मालकिणीनं ड्रायव्हरच्या दारात जाणं मी तेवढं एकदाच पाहिलं. चाचा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी छातीवर हात ठेवला आणि “खलास, उम्म नूरा, खलास,” म्हणजे झालं, पुरे, असं म्हणाले, जणू समजूत त्यांचीच काढायची होती.

विमानतळावर नूरानं सोडलं. मी बरोबर होते. चाचा सवयीनं चालकाच्या दाराकडे गेले, थबकले, आणि हसून वळसा घालून पुढच्या सीटवर बसले. वाटेत त्यांचा उजवा पाय दोनदा नसलेल्या ब्रेकवर दाबला गेलेला मी पाहिला. नूरानंही पाहिला असावा. तिनं वेग कमी केला. विमानतळाशी गाडी तिनं दोन गाड्यांमधल्या अरुंद जागेत, एका झोक्यात, उलटी लावली. चाचांनी आरशात पाहिलं, मग तिच्याकडे, आणि एक शब्द उच्चारला, “शाबास.” नूराला त्याचा अर्थ माहीत होता. लहानपणी तिला शाळेत सोडताना ते हेच म्हणत. तिनं चेहऱ्यावरचा नकाब नीट करण्याच्या मिषानं डोळे पुसले.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. आवाज बरा होता. मुलगा शिकून नोकरीला लागला होता, आंब्याला मोहोर चांगला होता. मी विचारलं, घरी कसं वाटतंय? 

“पयल्या दिवशी बायकोनं ताट वाढलं आणि विचारलं, किती दिवसांची सुट्टी?”

“मग?”

“मी म्हटलं, कायमचा आलो. तर ती बघतच ऱ्हायली. मग म्हणाली, बरं. आणि आत जाऊन आणखी एक चादर घेऊन आली.”

त्या ‘बरं’मध्ये किती आनंद होता आणि किती अवघडलेपण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कुणाचं नसणं फार जुनं झालं की घराला त्या नसण्याचीच सवय होते. ज्याची इतकी वर्षं आठवण काढली तो माणूस एके दिवशी दारात येऊन उभा राहतो, आणि मग त्याला आपल्याच आठवणीशेजारी, तिला न दुखावता, हळूहळू जागा करून घ्यावी लागते.