बसा पार्टीत

किन्हवलीच्या केरूनं तीस वर्षं बायकोला मागं बसवून भीमगीतं म्हटली. जयंती असो, लग्न असो, बॅनरवर नाव एकच: ‘केरू आणि पार्टी’. सोनूबाई त्या पार्टीत. कोरस तिनं ओढायचा, वर घरी येऊन भाकऱ्याही तिनंच थापायच्या. समतेची गाणी म्हणणाऱ्या घरातसुद्धा हे असंच चालतं, आणि कुणाला लाज वाटत नाही.

एकदा कल्याणला स्टुडिओत कॅसेट भरली होती. घरातली प्रत कुणीतरी ऐकायला म्हणून नेली, ती गेलीच. आता मुरबाडला जगन नावाच्या एका ओळखीच्याकडे एक सापडली आणि सून पल्लवीनं गाणी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. कॉम्प्युटर जुना, स्पीकर नाहीत, नुसता हेडफोन. जयंतीला सगळ्यांना गाणी पाठवायची होती.

“नाव कुणाचं टाकू?” पल्लवीनं विचारलं.

“माझं पण टाक,” सोनूबाई जन्मात पहिल्यांदा म्हणाली.

केरूनं हेडफोन चढवून गाणं ऐकलं. “तू हायेस कुठं यात? घाबरलीवतीस तवा. नुसते ओठ हालवलेस.”

सोनूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःचा आवाज तिनं मघाशीच ऐकला होता. खाणीतल्या सुरुंगानं ह्याचा डावा कान गेलाय, हे अख्ख्या गावाला ठाऊक. कबूल नव्हतं ते ह्यालाच.

“बाबा, कोरस डाव्या बाजूला भरलाय,” म्हणत पल्लवीनं हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर उलटा चढवला.

केरू गडबडला. “ही हाय. पण मी कुठं गेलो?”

“बसा पार्टीत,” सोनूबाई म्हणाली.

पल्लवीला हसू आवरेना. तिनं सेटिंग उघडून ‘मोनो ऑडिओ’ चालू केलं. दोन्ही बाजूंचा आवाज एक झाला. दबका आवाज वर उचलायची सोयही तिथंच होती, तीही लावली. नवं काही आणावं लागलं नाही.

केरू मांडीवर ठेका धरून ऐकू लागला. तिसऱ्या कडव्याला हात थांबला. त्यानं तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं.

“हितं माझा दम तुटलाय.”

“तुटलावता.”

“पुढची ओळ तू उचललीस.”

“मग काय करू? पेटीवाला माझ्या तोंडाकडं बघत होता.”

“कधी बोलली नायस.”

“ऐकलं असतंत?”

केरूनं मान खाली घातली. “पल्लवी, हिचं नाव आधी लिही.”

“आधी नको. बरोबरीनं लिही,” सोनूबाई म्हणाली आणि तिनं हेडफोनला हात घातला. “द्या आता इकडं.”

“थांब गो,” तो म्हणाला. “एवढं कडवं होऊ दे. पुढं तूच हायेस.”