नागासेचा खांदा

नागासेने तिसऱ्यांदा बुटाची नाडी धरली आणि तिसऱ्यांदा ती त्याच्या बोटांतून निसटली.

"डावा हात झोपलाय," तो म्हणाला. "होईल जागा."

स्टुटगार्टबाहेरच्या एका शाळेच्या टुर्नहालेत, म्हणजे व्यायामशाळेत, कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. शनिवारची दुपार. बाहेर हॉलमध्ये तीनेकशे माणसं जमली होती आणि पोरं आतापासूनच त्याच्या नावाने टाळ्या पिटत होती. मी खाली बसून त्याच्या नाड्या बांधल्या आणि हे किती दिवस चाललंय ते विचारलं. आधी त्याने उडवाउडवी केली. मग कळलं की फेब्रुवारीपासून. आधी दोन बोटं बधिर झाली, आता कोपरापर्यंत काही लागत नाही, आणि मान उजवीकडे वळवली की खांद्यातून वीज जाते. डॉक्टरचा टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, पुढच्या गुरुवारची होती. आज शनिवार आहे, हे त्याने मला अशा सुरात सांगितलं की जणू प्रश्न मिटला.

मी त्याला म्हटलं, मी आत्ता जाऊन आयोजकांना सांगतो. त्याने उजव्या हाताने माझा दंड धरला. तो हात मात्र चांगलाच जागा होता.

"हाना आलीये," तो म्हणाला. एवढंच.

मी आठवडाभर गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत चाचण्या घेतो आणि शनिवारी इथल्या कुस्तीच्या खेळांत पंच असतो. माझी बायको ऊर्मिला म्हणते, दोन्हीकडे मला थांबवायचंच काम आहे आणि घरी मात्र माझं बोलणं थांबवायला कोणी पंच नाही. आठ वर्षांपूर्वी मी गंमत म्हणून इथे आलो, तेव्हा पंच आजारी होता आणि कोणीतरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट माझ्या अंगावर चढवला. ही आपल्या तालमीतली कुस्ती नव्हे. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि ठरलेलं असतं एवढं प्रेक्षकांनाही माहीत असतं. पण पडणं खरं असतं. ते कसं पडायचं हे या सगळ्या मुलांना नागासेने शिकवलंय.

कोइची नागासे ज्युनिअर हेवीवेट, म्हणजे शंभर किलोंच्या आतला गडी. अठराव्या वर्षी जपानमध्ये तो एका कुस्ती-कंपनीच्या आखाड्यात राहायला गेला. दिवसाला पाचशे बैठका मारायच्या, वरिष्ठांचे कपडे धुवायचे आणि पहिली तीन वर्षं प्रत्येक लढत हरायची, हा तिथला शिरस्ता. त्याची उंची वाढली नाही, त्यामुळे त्या तीन वर्षांची सव्वीस झाली. दुसऱ्याला मोठं दाखवायचं असलं की नागासेला बोलवायचं. एका वर्षासाठी त्याला जर्मनीत शिकायला पाठवलं आणि तो इथे असतानाच मागे ती कंपनी बुडाली. मग तो इथलाच झाला. कात्रीनशी लग्न केलं, सोमवार ते शुक्रवार पार्सलच्या गोदामात उभा राहिला आणि शनिवारी हरत राहिला. पडलो तरी नाक वर, असं आपण ज्याला म्हणतो तसला तो नव्हता. पडायचा तेव्हा मुकाट पडायचा.

मला पंचगिरी त्यानेच शिकवली. पडलेल्याचे दोन्ही खांदे तीन मोजेपर्यंत टेकलेले राहिले की तो हरला. खांदे टेकलेले असतील तर तिसऱ्यांदा हात आपटायचाच, मग ठरलेलं काहीही असो. खांदा उचलला तर हात हवेत थांबवायचा. पंचाने यात लबाडी केली तर मी आजवर हरलो ते सगळं नाटक झालं, असं तो म्हणायचा. निकाल आधी ठरलेल्या खेळात हा कसला सोवळेपणा, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही.

आज त्याची शेवटची लढत होती. आयोजकांनी त्याला निरोप म्हणून विजय देऊ केला होता आणि त्याने तो घेतला होता. त्याची मुलगी हाना बारा वर्षांची. नऊची असताना तिने बापाला हरताना पाहिलं आणि घरी जाऊन रडली. त्यानंतर ती कधी आली नाही. या आठवड्यात नागासेने आयुष्यात पहिल्यांदा धंद्याचा नियम मोडला. निकाल घरी सांगायचा नसतो. त्याने सांगितला. ये, म्हणाला, आज मी जिंकणार आहे.

"काहीही झालं तरी हात वर नको," दाराकडे जाताना तो मला म्हणाला. पंचाने डोक्यावर हातांची फुली केली की खेळ बंद, डॉक्टर आत. "तिच्यासमोर मला स्ट्रेचरवरून नेऊ नकोस. शब्द दे, याशो."

आणि मी मूर्खासारखा शब्द देऊन बसलो.

समोर लुकास होता, चोवीस वर्षांचा, नागासेचाच शिष्य. त्याला हाताचं काही माहीत नव्हतं. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. हाना पहिल्या रांगेत कात्रीनशेजारी बसली होती, हात मांडीखाली दाबून.

गडी पडला की पंच वाकून बघतो, तेव्हा तो गुपचूप त्याचा हात दाबतो. गड्याने उलट दाबला की समजायचं, बरा आहे. नागासे पहिल्यांदा पडला तेव्हा मी उजवा हात दाबला आणि उत्तर आलं. पुढच्या वेळी डावा हाती आला. मी दाबला. पुन्हा दाबला. थंड, ओल्या फडक्यासारखा तो माझ्या मुठीत पडून राहिला. नागासे माझ्याकडे बघत होता आणि त्याला कळलंच नव्हतं की मी काही विचारतोय.

पुढचं सगळं मला पाठ होतं. लुकास त्याला कमरेत धरून मागे फेकणार, अंगावर पडणार, मी दोनपर्यंत मोजणार आणि नागासे खांदा उचलणार. मग तो कोपऱ्यातल्या खांबावर, सगळ्यात वरच्या दोरावर चढणार आणि उलटी कोलांटी घेऊन लुकासवर पडणार. ज्या हाताला दोर लागत नव्हता त्या हाताने तो दोर धरणार होता. दोन्ही हात वर करून फुली करावी असं मला क्षणोक्षणी वाटत होतं. पण शब्द दिला होता, आणि पहिल्या रांगेत ती पोर होती.

लुकासने फेकलं. नागासे मानेवर नाही, पाठीवर पडला. सव्वीस वर्षांचं शिक्षण तेवढं कामी आलं. लुकास अंगावर आडवा झाला.

मी जमिनीशी झुकलो. एक. हात आपटला. दोन. हात आपटला.

डावा खांदा उचलायचं ठरलं होतं. तो थरथरला. नागासेच्या कपाळावरची शीर फुगली. मी हात वर नेला, आणि खांदा उचलला गेला. बोटभरच, पण रिंगच्या फळीवरून सुटला. मला दिसला. मी इतक्या जवळ होतो की आमच्या दोघांशिवाय तो कोणाला दिसणं कठीण होतं.

मी हात खाली आणला. तीन.

घंटा वाजली. उडीआधीच लढत संपली होती. लुकास माझ्याकडे बघतच राहिला. लोकांनी मला शिव्या घातल्या, कोणीतरी रिकामा पेला फेकला. मी हानाकडे बघितलं नाही, तेवढी छाती नव्हती. नागासे छताकडे बघत पडून होता. आयुष्यभर ठरवून हरलेला माणूस त्या दुपारी पहिल्यांदाच न ठरवता हरला होता, आणि ते मी केलं होतं. मग तो उठला, लुकासचा हात धरून वर केला आणि चारी दिशांना कमरेत वाकला.

खोलीत तो बाकावर बसला. मी दाराशी उभा होतो. मानेला बर्फाची पिशवी लावून त्याने विचारलं,

"दिसला होता?"

"हो," मी म्हटलं.

"वाईट पंच आहेस तू."

माफी मागायला गेलो तर त्याने हातानेच थांबवलं. मला रडू येत होतं आणि या वयात ते लपवायची मला सवय नव्हती. आपण एखाद्याचा जीव वाचवला की त्याची उभी हयात पुसून टाकली, हे मला तेव्हा कळत नव्हतं. डॉक्टर पुढे म्हणाले, त्या उडीने काही झालं असतं किंवा नसतंही. म्हणजे अजूनही कळलेलं नाही.

दार उघडून हाना आत आली. बापाकडे न जाता ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. तिची जर्मन ठाम होती, शाळेत उत्तर येत असतं तेव्हा मुलं बोलतात तशी.

"खांदा वर होता. मी बघितलं."

मी तोंड उघडलं. या मुलीला तरी खरं सांगावं म्हणून उघडलं. मागून नागासे म्हणाला,

"नाही. टेकला होता."

"पापा, मी बघितलं."

"याशो वाकून बघत होता. तू लांब होतीस. टेकला होता. मी तुला जिंकणार म्हणालो, ते चुकलं. लुकास आज बरा खेळला."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नकारार्थी मान हलवली, हलत होती तेवढी. मी तोंड मिटलं.

हाना आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला पटलं नव्हतं, हे दिसत होतं. मग तिने बाकावरचा त्याचा घामेजलेला टॉवेल उचलला, नीट घडी करून बॅगेत ठेवला, बॅग खांद्याला अडकवली आणि तो उठेपर्यंत पाठीने दार लोटून धरून उभी राहिली.